दोनदा दाबलेलं मनगट

मेम्फिस शहरातल्या आपल्या घरी, चाकांच्या खुर्चीत बसून लॉनी कुस्तीचा नवा व्हिडिओगेम खेळत होता. सोफ्यावर व्हर्नन होता, रिंगमधला वैरी आणि बाहेरचा जिवलग. गेममधले पैलवानही हे दोघेच होते.

"घाम अगदी खरा दाखवलाय. प्रेक्षक मात्र सगळे एकाच तोंडाचे," लॉनी म्हणाला.

"तुझं पोट तरी कमी केलंय, लेका."

डावात दुखलं तर समोरच्याचं मनगट दोनदा दाबायचं आणि त्याने थांबायचं, ही दोघांचीच खूण. व्हर्ननशी लढताना लॉनीची मान मोडली, तेव्हापासून व्हर्नन सांगत आला होता, "तू दाबलंच नाहीस रे."

पडद्यावरच्या लॉनीने व्हर्ननचं मनगट दोनदा दाबलं. पडद्यावरच्या व्हर्ननने मनगटाकडे पाहिलं, आणि त्याला डोक्यावर आपटलं.

"पाहिलंस?" लॉनीने विचारलं.

"काय?"

लॉनीने कंट्रोलर खाली ठेवला. पडद्यावरचा हात दाबतच राहिला. सोफ्यावर व्हर्नन, कुणीच धरलेलं नसताना, आपलं मनगट सोडवू पाहत होता.