अस्सल मेडल

"मनोहरराव, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं हे मेडल नकली आहे," शिवदास म्हणाले, आणि सारंगला चहाचा ठसका लागला.

सारंग म्हणजे होऊ घातलेला जावई. शिवदासांच्या मुलीशी, प्रियदर्शिनीशी, त्याचं चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसात जुळलं होतं. आज त्याचे आईवडील पुण्याहून समुद्रापार येऊन मरीन परेडच्या या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच बसले होते. तारीख ठरवायची, पोहे खायचे, एवढाच बेत होता. पण सारंगच्या वडिलांनी, मनोहररावांनी, खिशातून पदक काढलं. त्यावर अमेरिकेच्या एका जुन्या अध्यक्षाचा चेहरा होता. तस्संच पदक शिवदासांच्या शोकेसमध्येही होतं.

शिवदास जहाजावर चीफ इंजिनिअर होते. बंदराबंदरांतून त्यांनी शपथविधीची पदकं जमवली होती. अमेरिकेचा नवा अध्यक्ष शपथ घेतो, तेव्हा समारंभाची समिती अधिकृत पदक काढते. हुबेहूब तसंच दिसणारं पदक इतर लोकही पाडतात आणि विकतात. या दोन्हींतला फरक सांगणं हे निवृत्तीनंतर शिवदासांचं पूर्णवेळ काम होतं, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी हातात पांढरे सुती मोजे चढवले. मनोहररावांच्या पदकाच्या कडेवरची अक्षरं पुसट आहेत, असं ते म्हणाले. मनोहरराव म्हणाले, मला तर तुमच्याच पदकाची पुसट वाटतात. शिवदासांनी केसांच्या रेषांकडे बोट दाखवलं. मनोहररावांनीही शिवदासांच्या पदकावरच्या केसांच्या रेषांकडे बोट दाखवलं. असं तासभर चाललं. शिवदासांना आयुष्यात इतका तोडीस तोड माणूस भेटला नव्हता, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला होता. बोलता बोलता ते म्हणून गेले की ज्या घरात खऱ्याखोट्याची पारख नाही, तिथे मुलगी द्यायची म्हणजे विचार करावा लागेल. सारंगची आई सुलभाताई यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

शिवदासांच्या बायकोने, ललिताने, पोह्यांना जागा करायची म्हणून दोन्ही पदकं एका ताटलीत उचलून बाजूला नेली. पोहे संपल्यावर ताटली परत आणली. कुठलं कुणाचं, ते आता तिलाही सांगता येईना.

शिवदास हसले. त्यांनी भिंग लावलं आणि क्षणात एक पदक उचललं. अक्षरं ठसठशीत, केस न केस वेगळा. हे माझं, ते म्हणाले. त्यांचं बोलणं पुरतं संपायच्या आत मनोहररावांनीही त्याच पदकाला हात घातला. हे माझं, तेही म्हणाले.

शिवदास दोन्ही पदकं घेऊन तावातावाने स्वयंपाकघरात गेले. आपल्या प्रत्येक पदकाचं वजन त्यांच्या वहीत ग्रॅमपर्यंत लिहिलेलं होतं. कणीक मोजायच्या काट्यावर त्यांनी आधी ते ठसठशीत पदक ठेवलं. आकडा जुळला नाही. मग दुसरं, पुसट अक्षरांचं ठेवलं. जुळला.

त्यांनी काटा पुसला आणि पुन्हा ठेवून पाहिलं. बावीस वर्षं शोकेसमध्ये मधोमध ठेवलेलं त्यांचं पदक नकली होतं. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. वही मिटली की झालं असतं.

तेवढ्यात प्रियदर्शिनी दारात आली. "बाबा, हो की नाही?" तिने विचारलं. ती पदकाचं विचारत नव्हती, हे शिवदासांना कळलं.

ते बाहेर आले. हातातले मोजे काढले. ठसठशीत पदक त्यांनी मनोहररावांच्या तळहातावर ठेवलं.

"तुमचं अस्सल आहे. माझं नकली," ते म्हणाले. "या विषयात मी आजवर कुणापुढे हरलो नव्हतो. असा जाणकार व्याही मिळतोय, तर आता मुहूर्ताचं बोलू."

सुलभाताईंनी पर्स खाली ठेवली. ललिता साखर आणायला आत गेली. मनोहररावांनी मात्र एकदा मुलाकडे पाहिलं. सारंग टीपॉयखालची फरशी निरखत होता. मग मनोहरराव शिवदासांजवळ सरकले, पदक उजेडात धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"आता घरचेच झालात म्हणून विचारतो. तुमच्याशी बोलायला काहीतरी विषय असावा म्हणून सारंगने हे मागच्या आठवड्यात ऑनलाइन मागवलं. यावरचे हे गृहस्थ कोण?"