काळ्या कणसाचं गाऱ्हाणं

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात आनशीच्या मक्याला खोडकिडा लागला आणि कणसं बुरशीने काळी पडली. विधवेने पेरलं म्हणून देव कोपला, असं तिचा दीर गावभर सांगत सुटला. तिने मळा त्याला सोडावा, हे गाऱ्हाणं बांधावरच्या राखणदार देवाला घालायला गाव जमलं. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराने नारळ उचलताच आनशीने पुढे होऊन काळं कणीस देवासमोर ठेवलं. "माझा गाऱ्हाना मीच घालतंय," ती म्हणाली. बाईने कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. तिला अडवायचं कसं, हे कुणाला सुचेना. "बा देवा म्हाराजा, ह्या मक्याक दोन म्हयने पानी गावूक नाय." गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला होकार द्यायच्या सवयीने सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." "सुकल्या ताटांक किडो लागलो, बुरो चढलो." "व्हय म्हाराजा." "बावीच्या पाटाचा पानी माझ्या दिरान तोडल्यान." "व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. त्यात दिराचा आवाज नेहमीसारखाच सगळ्यांत चढा होता.