चोवीस कोटींचा खड्डा

"असल्या खड्ड्याचे चोवीस कोटी?" मदतनीस पर्व्हिसने दंताळं टेकवलं. "तेही डॉलर! आमच्या घरामागे कुत्रं फुकट खणतं."

"त्याला म्हणावं, शंभर वेळा एकाच जागी खणून दाखव," आयडेला म्हणाली. तिने मान वर केली नाही.

रविवारचा बेसबॉलचा सामना तासाभरापूर्वी संपला होता. घरचा संघ दोन-एकने जिंकला होता. प्रेक्षक नदीवरच्या पुलाकडे पांगले होते आणि रिकाम्या रांगांत कबुतरं शेंगांची टरफलं उलटीपालटी करत होती. मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर, जिथून पिचर चेंडू फेकतो, तिथे आयडेला क्राउस गुडघे टेकून बसली होती. हा उंचवटा आधी तिचे वडील सांभाळायचे. तिलाही हे काम करताना आता तीस वर्षं झाली होती.

चेंडू फेकताना पिचरचा पुढचा पाय जिथे आदळतो, तिथे खड्डा पडतो. बहुतेकांचा पाय इकडेतिकडे पडतो आणि सामना संपेपर्यंत तिथे डुक्कर लोळल्यासारखं दिसायला लागतं. आठ वर्षांपूर्वी अनसेल्मो बेतांसेस इथे पहिल्यांदा खेळला, तेव्हा सामना संपल्यावर आयडेला सवयीने माती भरायला गेली, आणि डोक्यावरची टोपी काढून तशीच बसून राहिली. एकशे सात चेंडू, आणि खड्डा एका बुटाचा. टाचेची कड सुरीने कापल्यासारखी. चर्चच्या दारात पवित्र पाण्यात बोटं बुडवावीत तसा तिने त्यात हात घातला होता. माती अजून उबदार होती. निदान तिला तरी तसं वाटलं.

"माझी बहीण नर्स आहे," पर्व्हिस म्हणाला. "माणसं वाचवते. तिला एवढे मिळायला किती जन्म लागतील, सांग बरं."

"बरेच."

"मग?"

"मग काय? तुझ्या बहिणीला द्यायलाच हवेत. पण हे जगात दुसऱ्या कुणाला जमत नाही रे. मला त्याची किंमतच करता येत नाही, म्हणून मी आकड्यावरून भांडत नाही."

"नशीब, तुला कुणी विचारत नाही."

पण आज कुणीतरी विचारणार होतं. अनसेल्मोला चोवीस कोटी देऊन आणखी आठ वर्षं ठेवायचं की पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लबला देऊन टाकायचं, हे संध्याकाळी सहापर्यंत ठरायचं होतं. सकाळी तो नेहमीसारखा उंचवट्यापाशी आला होता. "मावशी, गुडघा काय म्हणतोय?" आठ वर्षांत हे विचारायचा एक दिवस त्याने चुकवला नव्हता. मग खाली बघत म्हणाला, "घर हलवावं लागेल बहुतेक. लेक दोन दिवस नीट जेवली नाही." आज फेकायचं त्यालाच होतं. त्याला आवडते तशी आयडेलाने माती दगडासारखी ठोकून दिली होती. तिला एवढंच येत होतं.

साडेपाचला लॅराबी साहेब हिरवळ तुडवत आले. खेळाडू घ्यायचे की सोडायचे, ते त्यांच्या हातात. कोट खांद्यावर, फोन मुठीत.

"डॉक्टर म्हणतात, खांदा ठणठणीत आहे. आकडेवारीवाले म्हणतात, घसरायला लागलाय. तुझे वडील मला म्हणायचे, आधी खड्डा बघ, मग बाकीचं. म्हणून आलो."

"बघा की."

दोन्ही संघांचे पिचर एकाच उंचवट्यावरून फेकतात. त्यामुळे पुढे हातभर अंतरावर दोन खड्डे होते. एक रुंद, विस्कटलेला. दुसरा एका बुटाचा.

लॅराबी साहेबांनी इस्त्रीच्या पँटसकट गुडघे टेकले. मग त्यांनी अलगद, कड मोडू नये अशा बेताने, तळहात आत ठेवला.

"बाप रे," ते हळूच म्हणाले. "एकतिसाव्या वर्षी!"

कबुतरं उडाली. पुन्हा बसली.

"आणि हा पाहुण्यांच्या त्या नव्या पोराचा." त्यांनी शेजारच्या खड्ड्याकडे हनुवटी उडवली. "वर्षाला साडेसात लाख मिळतात त्याला. फरक दिसतो, नाही?"

"दिसतो ना. आंधळ्यालाही दिसेल."

पर्व्हिस खाकरला.

"आता नर्सबिर्स काही काढू नकोस," आयडेला त्याच्यावर खेकसली. "जा, नळी बंद कर. पाणी वाहतंय."

तो गेला. साहेब अजून खालीच बघत होते.

"तुझं मत सांग. खरं सांग. एवढ्या पैशांचा आहे का हा पाय?"

आयडेलाने हातावरची माती झटकली. "साहेब, तीस वर्षांत असा पाय मी दोनदाच पाहिला."

"पहिला कुणाचा?"

"त्याला झाली आता वर्षं."

साहेब हसले. जुन्या माणसांची अशी एकेक आठवण असतेच, असं काहीसं ते हसणं होतं. त्यांनी तिथेच, मातीत गुडघे ठेवून फोन लावला. "अनसेल्मोला ठेवून घ्या... हो, आठ वर्षं. पुरे चोवीस कोटी... अहो, मी इथे काय बघतोय ते तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही."

उठताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दरवाज्यापर्यंत जाताना ते दोनदा थांबले आणि मागे वळून त्या खड्ड्याकडे बघत राहिले.

पर्व्हिस मातीची दोन पोती ढकलगाडीवर घालून परत आला. त्याने दरवाज्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. टोमणा मारायची इतकी चांगली संधी त्याने आजवर कधी सोडली नव्हती.

"आधी कुणाचा भरू या?" त्याने एवढंच विचारलं.

"अनसेल्मोचा," आयडेला म्हणाली, आणि तिने पहिलं पोतं रुंद खड्ड्यात रिकामं केलं.