सेवेला पगार कसला?

फोन तिनं उचलला, कारण तो अंघोळीला गेला होता.

"साहेब, आज मोठी पार्टी आहे," पलीकडचा माणूस घाईघाईत म्हणाला. "जरा लवकर या. आणि मागच्या दारानं बरं का. पुढं सगळी मोठी माणसं असणार."

ती काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

मोठी पार्टी. नगरसेवकाच्या बायकोला या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता.

तो डोकं पुसत बाहेर आला. "कुणाचा होता?"

"चुकून लागला होता."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलून आला.

निवडून आला तेव्हा त्यानं छापखान्यातली नोकरी सोडली होती. सकाळपासून दारात माणसं, त्यात सभा, नोकरी करणार कधी? नगरसेवकांना तेव्हा पगार होता. फार नव्हता, पण घर चालत होतं. मग पगारवाढीचा विषय निघाला आणि सगळं गाव पेटलं. सभागृहाबाहेर घोषणा सुरू झाल्या. आत विरोधी पक्षनेता उभा राहिला. त्याच्या आवाजामुळे लोक त्याला तोफ म्हणत.

"वाढ कसली मागता?" तो गरजला. "सेवेला पगार कसला? आहे तोच बंद करा!"

वरच्या गॅलरीतून टाळ्यांचा कडकडाट झाला. तोफेचा आणि तिच्या नवऱ्याचा छत्तीसचा आकडा. तोफ टाळ्या घेणार आणि हा गप्प बसणार, हे शक्यच नव्हतं. तोही ताडकन उठला आणि त्यानं अनुमोदन दिलं. मग विरोधात हात वर करायची कुणाची छाती झाली नाही. पगार बंद झाला.

त्या दिवशी तो गळ्यात हार घेऊन घरी आला. ती पडदे शिवत बसली होती. मशीन न थांबवता तिनं विचारलं, "आता खायचं काय?"

"बघू," तो म्हणाला.

काही दिवस खरंच ओढाताण झाली. मग एका शनिवारी त्यानं तिच्या हातावर घरखर्चाचे पैसे ठेवले. पुढच्या शनिवारी पुन्हा. सासूबाईंच्या गोळ्या आल्या, मुलीची फी गेली. तो रोज दुपारी "वॉर्डात काम आहे" म्हणून पिशवीत एक स्वच्छ शर्ट घालून निघायचा. परत आला की जेवायचा नाही. "खाल्लंय बाहेर." अंगाला भारी हॉटेलातल्या जेवणाचा वास यायचा.

एकदा पैसे घेताना तिनं विचारलं होतं, "कुठून आले?"

"चोरीचे नाहीत."

पुढं विचारायचा तिला धीर झाला नाही. शेजारीण मात्र कालच जिन्यात म्हणाली होती, "तुमचं बरंय हो, वहिनी. पगार नाही आणि तंगीपण नाही!"

आज तो नेहमीपेक्षा लवकर निघाला. तिनं मशीनवर कापड तसंच सोडलं, पायात चपला सरकवल्या आणि त्याच्या मागोमाग निघाली.

तो मुख्य रस्त्यानं गेला नाही. पेठेमागच्या बोळातून, खाली मान घालून, भराभर चालत राहिला. बोळ संपला तिथं गावातलं सगळ्यात मोठं हॉटेल होतं. कोपऱ्यावरून तिला दोन्ही दारं दिसत होती. पुढच्या दाराशी रस्त्यांच्या कंत्राटदाराची पांढरी गाडी थांबली. कंत्राटदार उतरला, हसत आत गेला. त्याच वेळी तिच्या नवऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि तो मागच्या दारानं आत शिरला.

तिला परत फिरावं असं वाटलं. मग मुलीची फी आठवली, आणि ती तरातरा चालत थेट त्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, इकडून नाही, पुढून जा," एक आचारी ओरडला.

"आत्ता आत गेले ते कुठे आहेत?"

त्यानं झाऱ्यानंच आतली खोली दाखवली.

खोलीत वाफ कोंडली होती. खरकट्या ताटांचे ढीग लागले होते. एका लांबलचक मोरीशी दोन माणसं पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. त्यातला एक तिचा नवरा होता. बाह्या कोपरापर्यंत वर, कमरेला रबरी एप्रन.

"अहो..."

त्यानं वळून पाहिलं. हातातली कढई मोरीत पडली.

"तू? इथं?"

"मला वाटलं..." ती थांबली. काय वाटलं ते तिला त्याच्यासमोर उच्चारवेना. डोळे भरून आले. "रोज हेच करता?"

"सभा नसेल तेव्हा. मालक सांभाळून घेतो. कुणाला सांगत नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. जीव भांड्यात पडला आणि लगेच रागही आला.

"मग सभेत उठून सांगा ना! म्हणावं, चुकलं, पगाराशिवाय घर चालत नाही. घाम गाळताय, लाज कसली?"

"हळू बोल गं."

"का हळू? कोणाची भीती आहे? त्या तोफेची?"

नवऱ्यानं फक्त शेजारी पाहिलं.

शेजारच्या माणसानं नळ बंद केला. एप्रनला हात पुसले आणि तो सावकाश वळला. सगळं सभागृह दणाणून सोडणारा तो आवाज तिला जेमतेम ऐकू आला.

"वहिनी, तेवढं आमच्या घरी सांगू नका."