नाईलकाठची मगर

२००४ साली नाईलच्या क्रूझवर आम्ही बावीस नाशिककर होतो. एका देवळात सगळ्यांच्या आधी घुसून मी बायकोच्या डबीतलं कुंकू एका दगडी मगरीला फासलं. मागून सिंधुताई आल्या. "अगं बाई, हे तर गंगामाईचं वाहन!" झालं, लाईनच लागली. कुणी खडीसाखर ठेवली, कुणी दहाची नोट. आधी मला हसू आलं, मग किळस. शी! एवढी शिकलेली माणसं!

तेवढ्यात गार्ड धावत आला. लाल झालेला दगड बघून त्याने आमच्या मोडकंतोडकं हिंदी बोलणाऱ्या इजिप्शियन गाईडचंच परवान्याचं कार्ड काढून घेतलं.

"किसने लगाया, बोलो ना," गाईड रडकुंडीला आला. "मेरा नौकरी जाएगा."

"अहो, सांगा ना आता," बायको पुटपुटली.

मी डोळे मिटून मगरीला हात जोडले.