कोरी पेटी

ननंदेची थप्पड इतक्या जोरात बसली, की भावजयीचा चष्मा उडून यंत्राखाली गेला.

"नळी तू चुकीच्या पेटीला लावलीस," ननंद म्हणाली. "कबूल कर."

भावजयीने ओठावरचं रक्त बोटाने टिपलं. अकरा वर्षं ती या यंत्रावर होती. चांदीच्या दोन कांड्या समोरासमोर बसवायच्या आणि मधे ठिणग्या पाडायच्या. प्रत्येक ठिणगीसरशी चांदीचा धूर व्हायचा, डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक. तो नळीतून काचेच्या पेटीत जायचा आणि तिथले उंदीर नऊ महिने तो श्वासात घ्यायचे. शेजारच्या पेटीतल्या उंदरांना साधी हवा. त्या पेटीला सगळे कोरी पेटी म्हणत. शेवटी दोन्हीकडचे उंदीर मारून फुप्फुसं ताडून बघायची. ते ननंदेचं काम, पलीकडच्या बंद खोलीत.

आज सकाळपासून ननंदेने चोवीस माना मोडल्या होत्या, चोवीस छात्या कापल्या होत्या. कोपरापर्यंत तिचे हात लाल होते. धुराच्या पेटीतल्या उंदरांची फुप्फुसं काळवंडलेली निघाली, ती निघणारच होती. पण कोऱ्या पेटीतल्या बाराही उंदरांची तशीच निघाली.

चार वाजता प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडम येणार होत्या. ज्याची चूक, तो घरी. भावजयीला ते माहीत होतं. ननंदेनेच तिला या नोकरीत आणलं होतं, लग्नाला जेमतेम दोन महिने झाले असताना. उंदराला मानेच्या कातडीला कसं धरायचं ते शिकवलं होतं. पहिल्यांदा उंदीर चावला, तेव्हा दिवसभर चिडवलंही होतं. दोघींच्या खोल्यांना अख्खी प्रयोगशाळा 'सासर' म्हणायची.

आणि आता तीच तिला घालवायला निघाली होती.

भावजयीने तिला ढकललं. ननंद टेबलावर आदळली, बाटल्या खळाखळा फुटल्या. ननंद उठली ती तिचे केस धरूनच. घरात भांडी आपटलीस तरी चूक दुसऱ्याचीच, म्हणाली. आयुष्यात एकदा तरी माझं चुकलं म्हण, म्हणाली. भावजयीने तिचं मनगट पिरगाळलं, धुराची नळी तिच्या मुठीत कोंबली आणि तिला फरफटत कोऱ्या पेटीसमोर आणलं.

"लावा, वन्सं. तुम्हीच लावून दाखवा."

पेट्या धुऊन परत जोडताना घोटाळा होऊ नये, म्हणून दोन्ही पेट्यांची तोंडं वेगवेगळ्या मापाची होती. भावजयीनेच सांगून ती तशी करून घेतली होती. धुराची नळी कोऱ्या पेटीत जाणं शक्यच नव्हतं.

ननंदेने नळी टेकवली आणि दाबली. मग दोन्ही हातांनी दाबली. मग छातीचा भार टाकला. दात खाऊन ती रेटत राहिली. काच तडकली, तळहातात घुसली, रक्त पेटीत टपटपू लागलं, तरी ती रेटतच होती. शेवटी भावजयीलाच तिला मागे ओढावं लागलं.

"बघितलंत? नाही बसत. माझी चूक नाही."

ननंद खाली फुटक्या काचांतच बसली. हाताकडे तिचं लक्ष नव्हतं. अकरा वर्षांत भावजयीने तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"कोऱ्या पेटीत हवा कुठून येते?" ननंदेने विचारलं.

"ह्या खोलीतूनच की," भावजय म्हणाली, आणि यंत्राकडे वळली.

यंत्र ठिणग्या टाकत होतं, अकरा वर्षं तिच्या नाकासमोर टाकत आलं होतं तशाच.

ननंदेने रक्ताळलेल्या हाताने नळी उचलून तिच्यापुढे धरली.

"वहिनी, बसव ना गं ती. कशीही करून बसव."