तारांवरचा तळहात

"काका, शेवट करताना लय हळूहळू उतरवा. एकदम थांबू नका," गिटार बनवणाऱ्या कंपनीची इरावती पुन्हा म्हणाली. "या बेसगिटारच्या ठेक्यावर समोरच्यांची हृदयं चालतात."

"आमच्या लाकडी गिटारवर नुसते पाय हलायचे," ब्लेझ डाबरे म्हणाले.

"म्हणून तर ती आता कुणी घेत नाही."

वसईच्या सभागृहात नव्या गिटारचा हा पहिला कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत ब्लेझ यांची बायको फिलोमिना बसली होती. ते वाजवू लागले आणि तिच्या गळ्यावरची शीर त्यांच्या अंगठ्याबरोबर उडू लागली.

जुन्या गिटारच्या तारा घुमत राहायच्या. म्हणून शेवटच्या ओळीआधी तारांवर तळहात ठेवून क्षणभर शांतता करायची, ही ब्लेझ यांची जन्माची सवय. ती ओळ आली आणि हात आपोआप तारांवर पडला.

सभागृहात कुणी हललं नाही. फिलोमिनाच्या गळ्यावरची शीर थांबली होती.

ब्लेझ यांनी घाईघाईने तार छेडली. लोकांनी एकदम श्वास घेतला आणि मग टाळ्यांचा कडकडाट केला.

"लोकांना हेच आवडलं, जाहिरातीत हेच घेऊ," इरावती मंचावर येऊन त्यांच्या कानाशी कुजबुजली. "आता उतरवा."

त्यांनी लय जरा उतरवली. फिलोमिनाच्या पापण्या जड झाल्यासारख्या त्यांना वाटल्या. त्यांनी लय पुन्हा चढवली.

"अहो, पुरे आता, घरी चला," फिलोमिना हसत म्हणाली.

ब्लेझ वाजवतच राहिले.